धातू की अधातू? ओझरचं विमान, द्राक्षाचा मांडव आणि आईचा बांबू

(ऑडिओ भागाचा हा लेखी मजकूर आहे. बोलणं तसंच ठेवलंय, फक्त वाचायला अडखळू नये म्हणून थोडी काटछाट केली आहे.)

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा. आजचा भाग मी ओझरहून रेकॉर्ड करतोय, आमच्या मळ्यातल्या खोलीत बसून. मध्येच कानठळ्या बसतील असा आवाज आला तर फोन बिघडला असं समजू नका. ते विमान असेल. आम्हाला त्याची सवय आहे, आम्ही बोलताना दोन सेकंद थांबतो आणि वाक्य पुढे सुरू करतो.

गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. म्हणाली, "दादा, धातू आणि अधातू यांच्यातला फरक स्पष्ट करा, हा प्रश्न दर परीक्षेला येतो. मी पाठ करते, लिहिते, विसरते. याचा पुढे काही उपयोग असतो का?"

ताई, असतो. त्या तक्त्यातल्या एका ओळीमुळे माझे वडील आज जिवंत आहेत. पण गंमत अशी की ती ओळ मला पाठ होती आणि वापरली मात्र माझ्या आईने, जी चौथीपर्यंत शिकलीये. आधी तोच किस्सा सांगतो. मग आपण तक्त्याकडे जाऊ.

मीही तेव्हा आठवीत होतो. ऑक्टोबर महिना, द्राक्षाची गोडी छाटणी नुकतीच झालेली, आणि परतीच्या पावसाने दोन दिवस झोडपलेलं. शेतीची थ्री फेज लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. विहिरीवर आमची पाच एचपीची मोटर. ज्यांनी द्राक्षबाग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: वेलींना आधार द्यायला लोखंडी अँगल रोवतात आणि त्यावरून तारा ओढतात. त्याला आम्ही मांडव म्हणतो. आमच्या मोटरची केबल आम्हीच आळस करून त्या मांडवावरून नेली होती. वाऱ्याने ती हलायची, अँगलच्या कडेवर घासायची. वर्षभरात वरचं प्लॅस्टिक झिजलं आणि आतला तांब्याचा धागा मांडवाच्या तारेला टेकला. हे आम्हाला नंतर कळलं.

त्या रात्री पप्पा बॅटरी घेऊन बागेत शिरले, वाकून जाताना आधाराला म्हणून त्यांनी तार धरली, आणि तिथेच चिकटले. ओरडलेही नाहीत. बॅटरी खाली पडली आणि तिचा उजेड चिखलात. मी मागे दहा-पंधरा पावलांवर होतो. मी धावलो, त्यांना ओढायला.

आईचा आवाज मला अजून ऐकू येतो. "हात लावू नको! लांब हो!" ती पडवीतून कोरडा बांबू घेऊन पळत आली, पायात रबरी चप्पल, आणि त्या बांबूने पप्पांचा हात मनगटाजवळ असा जोरात हाणला की हात सुटला आणि ते मागे पडले. मग ती मला म्हणाली, "जा, मेन पाड." मी पळत जाऊन पेटीतला मेन स्विच खाली ओढला.

पप्पा वाचले. उजव्या तळहातावर तारेची जळकी खूण आहे, ती आजही आहे. आणि मंडळी, त्याच्या दोनच दिवस आधी घटक चाचणीत मी लिहिलं होतं: "धातू विजेचे सुवाहक असतात, अधातू विजेचे दुर्वाहक असतात." पाचपैकी पाच गुण. आणि मी रिकाम्या हाताने त्यांना धरायला निघालो होतो. धरलं असतं तर आज हा पॉडकास्ट नसता.

म्हणून आज हा तक्ता आपण वेगळ्या पद्धतीने बघू. कुठला गुण कुठे कामाला येतो, आणि तोच गुण कुठे जीव घेतो, असा.

आधी मूळ कारण. धातूमधून वीज का वाहते? गावातलं उदाहरण देतो. प्रत्येक गावाला गायरान असतं, सगळ्यांच्या मालकीची मोकळी जमीन. कुणाचीही जनावरं तिथे कुठेही फिरतात. धातूचे अणू असेच राहतात. प्रत्येक अणू आपल्या बाहेरच्या कक्षेतले एक, दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन गायरानात सोडून देतो. ते कुठल्या एका अणूचे राहत नाहीत, सगळीकडे हिंडतात. बॅटरीने जरा ढकललं की ते एका दिशेला सरकतात, तीच वीज. उष्णताही बरीचशी हेच इलेक्ट्रॉन वाहून नेतात, म्हणून पितळी पेल्यातला चहा हाताला लगेच चटका देतो.

अधातूंमध्ये गायरान नसतं. प्रत्येकाचा बांध पक्का. इलेक्ट्रॉन एक तर अणूने स्वतःजवळ धरलेले, नाही तर शेजारच्या एका अणूबरोबर वाटून घेतलेले. मोकळा फिरणारा कुणीच नाही, मग वीज नेणार कोण?

याच एका गोष्टीतून तक्त्यातल्या बाकीच्या ओळीही निघतात. धातूला ठोकलं की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण मधलं गायरान सगळ्यांना बांधून ठेवतं, म्हणून पत्रा होतो. ती वर्धनीयता. ओढलं की तार होते, ती तन्यता. एक ग्रॅम सोन्याची सुमारे दोन किलोमीटर लांब तार निघते. गंधकाच्या खड्याला हातोडी मारा, थर सरकायच्या आधी बंध तुटतात आणि भुगा होतो. म्हणून तो ठिसूळ. हे एवढं लक्षात ठेवलंत तर पाठ करायला फार उरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बांबू कुठे अधातू आहे? तो तर मूलद्रव्यच नाही. बरोबर पकडलंत. बांबू, रबर, प्लॅस्टिक ही संयुगं आहेत. पण ती बनलीत मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, क्लोरीन अशा अधातूंपासून, आणि त्यांच्यातही इलेक्ट्रॉन बांधलेलेच. म्हणून तीही दुर्वाहक. फक्त एक अट: बांबू कोरडा हवा. ओल्या बांबूत पाणी असतं, पाण्यात क्षार विरघळलेले असतात, आणि ते क्षार वीज नेतात. आईने पावसात भिजलेला बांबू उचलला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पडवीतला कोरडा होता, हे आमचं नशीब.

(इथे रेकॉर्डिंगमध्ये विमानाचा आवाज आहे.)

हं, ऐकलंत? वेळेवर आलं. चला मग, विमानाकडेच वळू.

नाशिकमध्ये आजही जुने लोक आमच्या गावाला "ओझर मिग" म्हणतात. 1964 साली इथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो मिग-21 बांधण्यासाठी. पुढे मिग-27 आलं, मग सुखोई-30. मिग-21 हवाई दलातून 26 सप्टेंबर 2025 ला निवृत्त झालं आणि त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए ने इथूनच उड्डाण केलं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील नाही तर काका कारखान्यात. माझे मामाही तिथे फिटर होते. ते एकदा मला म्हणाले होते, "विमान म्हणजे लोखंड असं समजू नको. लोखंडाचं केलं तर ते धावपट्टीवरच बसून राहील."

घनतेचे आकडे बघा. एक घन सेंटिमीटर लोखंड भरतं 7.9 ग्रॅम. तेवढंच ॲल्युमिनियम 2.7 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश. म्हणून गेली कित्येक दशकं विमानाचं अंग मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचं असतं. मग सगळंच ॲल्युमिनियमचं का नाही? कारण ते 660 अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या खूप आधी, दीड-दोनशे अंशांच्या पुढे, त्याची ताकद उतरायला लागते. जिथे जास्त ताप सोसायचा आणि वजनही कमी ठेवायचं तिथे टायटॅनियम. घनता 4.5, वितळतं 1668 अंशांना. सुखोईच्या अंगात टायटॅनियम बरंच आहे. इंजिनाच्या सगळ्यात तापलेल्या भागातली पाती निकेलच्या मिश्रधातूंची. आणि जमिनीवर आदळण्याचा धक्का खाणाऱ्या चाकांच्या दांड्यांसाठी मजबूत पोलाद. बघा, सगळे धातूच, पण प्रत्येकाची नोकरी वेगळी.

आता विमानाचं नाक. ते धातूचं नसतं! नाकाच्या आत रडार बसवलेलं असतं. रडारच्या लहरी बाहेर जायला हव्यात आणि आदळून परत आत यायला हव्यात. धातूचा पत्रा लावला तर त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन त्या लहरी परतवून लावतात. रडार स्वतःच्याच टोपीला बघत बसेल. म्हणून नाक काचतंतूसारख्या दुर्वाहक पदार्थाचं करतात.

पटत नसेल तर घरी करून बघा. फोन स्टीलच्या डब्यात ठेवा, घट्ट झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करा. बऱ्याचदा "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" ऐकू येतं. झाकण सैल असेल तर फटीतून रेंज शिरते आणि रिंग वाजते. मग तोच फोन प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, काही फरक पडत नाही. काही वर्षांपूर्वी धातूच्या पाठीचे फोन यायचे, आठवतात? त्यांच्या पाठीवर वर-खाली प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या असायच्या. लोकांना ती डिझाइन वाटायची. ती अँटेनासाठी सोडलेली वाट होती. विमानाच्या नाकाचं आणि तुमच्या फोनच्या पट्टीचं कारण एकच.

वैमानिकाच्या डोक्यावरचं आवरण पारदर्शक प्लॅस्टिकचं, कारण धातूच्या पत्र्यातून दिसत नाही. टायरमध्ये भरतात नायट्रोजन. तो अधातू, वायू, आणि स्वभावाने शांत. उतरताना ब्रेक तापून लाल होतात, तेव्हा टायरमध्ये ऑक्सिजन असणं धोक्याचं. नायट्रोजन आग भडकू देत नाही. तक्त्यात आपण लिहितो, "अधातू स्थायू, द्रव किंवा वायू अवस्थेत असतात." ही ओळ म्हणजे तो टायर.

आणि तेजस? त्याच्या अंगाच्या वजनात साधारण 45 टक्के वाटा कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांचा आहे. कार्बन, म्हणजे अधातू! या पदार्थाची घनता 1.6 च्या आसपास, ॲल्युमिनियमपेक्षाही हलका, गंजत नाही, आणि तंतूंच्या दिशेने ओढलं तर भलता मजबूत. ज्या कारखान्यात आमच्या आजोबांच्या पिढीने पत्रा ठोकून रिव्हेट मारले, तिथे आजची पोरं अधातूच्या पंखांची विमानं जोडतायत.

पण इथे तक्ता जरा डगमगतो. कार्बन अधातू, तर कार्बन तंतू दुर्वाहक असायला हवा. नसतो! तो वीज वाहून नेतो. तुमच्या पेन्सिलीतलं ग्रॅफाइटही नेतं. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांशी जोडलेला असतो आणि चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो. म्हणजे अधातूच्या गावात छोटंसं गायरान. याचे दोन त्रास होतात. एक, कार्बन तंतू वीज नेतो पण ॲल्युमिनियमइतकी सहज नाही, म्हणून वीज पडली तर ती बाहेरच्या बाहेर पसरावी यासाठी मोठ्या विमानांच्या अशा अंगात तांब्याची बारीक जाळी घालतात. दुसरा त्रास, कार्बन तंतू आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि ओल आली की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खंगत जातं. मग दोघांच्या मध्ये काचतंतूचा थर देतात. भांडखोर शेजाऱ्यांमध्ये भिंत!

असे अपवाद बरेच आहेत. पारा धातू आहे पण द्रव. सोडियम धातू आहे पण सुरीने कापता येतो आणि पाण्यापेक्षा हलका. गॅलियम तळहातावर वितळतं. आयोडीन अधातू आहे पण चमकतं. हिरा अधातू आहे पण सगळ्यात कठीण, आणि उष्णता तांब्याच्या साधारण पाचपट चांगली नेतो, वीज मात्र नेत नाही. आणि सिलिकॉन ना इकडे ना तिकडे, त्याला धातुसदृश म्हणतात. तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय त्याची चिप सिलिकॉनची आहे. वीज कधी जाऊ द्यायची, कधी अडवायची, हे ठरवता येतं म्हणून.

आता विमान जाऊ द्या, परत बागेत येऊ. ओझर निफाड तालुक्यात. निफाड म्हणजे द्राक्ष आणि कांदा. आमच्या फवारणीच्या खोलीत गेलात तर तुमचा अख्खा धडा तिथे रचून ठेवलेला दिसेल. भुरीसाठी गंधक, म्हणजे शुद्ध अधातू. पिवळी भुकटी, ठिसूळ, पाण्यात न विरघळणारी. केवड्यासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूदात तांबं असतं.

बोर्डो करताना पप्पा मोरचूद नेहमी प्लॅस्टिकच्या पिंपात भिजवायचे. मी लहानपणी लोखंडी बादली आणली तर ओरडायचे. का? लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते द्रावणात शिरतं आणि तांब्याला बाहेर ढकलतं. औषध वाया, बादलीही खराब. आणि याच गुणाचा उपयोग करून ते मिश्रण तपासायचे: घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, पानं जाळेल, आणखी चुना घाला. थर चढला नाही तर फवारा. वर्गात याला विस्थापन अभिक्रिया म्हणतात. पप्पांना तो शब्द माहीत नव्हता. विळा माहीत होता.

निर्यातीच्या द्राक्षाच्या पेटीत एक पांढरा कागद असतो, पाहिलाय? पेटीतल्या ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो आणि बुरशी थांबवतो. अधातूची ऑक्साइडं बहुधा आम्लधर्मी असतात, ती ओळ म्हणजे हा कागद. धातूची ऑक्साइडं बहुधा आम्लारिधर्मी, ती ओळ म्हणजे बोर्डोतला चुना.

तर ताई, तुझ्या प्रश्नाकडे येतो. तक्त्यात दोन रकाने असतात आणि आपल्याला वाटतं डावीकडचे भारी, उजवीकडचे कमी. तसं काही नसतं. जो गुण केबलच्या आत हवा असतो तोच केबलच्या बाहेर आला की मारतो. तांबं आत आणि प्लॅस्टिक बाहेर, दोघं मिळून केबल होते. आमच्याकडे त्यातलं बाहेरचं अधातूचं कातडं झिजलं होतं, अर्धा मिलिमीटर असेल. तेवढ्यावर पप्पांचा जीव टांगला होता.

आणि हो, पोलादसुद्धा एकट्या धातूचं नाही. शुद्ध लोखंड मऊ असतं. त्यात शेकड्यात दोनपेक्षाही कमी कार्बन मिसळला की पोलाद होतं. विळ्याची धार त्या चिमूटभर अधातूची.

जाता जाता एक काम देतो. उद्या सकाळी, वीज बंद करून, या गोष्टी बघा. मोटरची केबल मांडवावरून, अँगलवरून, पत्र्यावरून गेलीये का? असेल तर काढा, प्लॅस्टिकच्या पाइपातून न्या. स्टार्टरची लोखंडी पेटी आणि मोटर यांना अर्थिंग आहे का? जमिनीत गाडलेले अँगल म्हणजे अर्थिंग नव्हे. आमचे अँगल गाडलेलेच होते, पण त्यातून फ्यूज उडेल इतका प्रवाह गेलाच नाही. घरात गळती झाली की वीज तोडणारं यंत्र बसवून घ्या. 30 मिलिअँपिअर गळतीला ते तुटतं, म्हणजे माणूस दगावण्याच्या आधी. वायरमन बोलवा, स्वतः उघडू नका.

आणि कुणी चिकटलेलं दिसलं तर आधी मेन स्विच. तो लांब असेल तरच कोरडं लाकूड, कोरडा बांबू, पायाखाली कोरडं काहीतरी. हात कधीच नाही. माणूस सुटला आणि श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि 108 ला फोन लावा. आणि ही बांबूची युक्ती फक्त घरच्या, मोटरच्या लाइनसाठी. खांबावरची मोठी लाइन तुटून पडली असेल तर बांबूही कामाचा नाही. लांब उभे राहा, इतरांना लांब ठेवा आणि वीज कंपनीला कळवा.

मी परवा आईला विचारलं, "तुला त्या रात्री कसं सुचलं गं?" ती कांदे निवडत होती. म्हणाली, "माझ्या वडिलांनी सांगितलेलं, विजेला लाकूड दाखवायचं, हात नाही." एवढंच. मग म्हणाली, "तुला तर शाळेत शिकवलेलं ना रे?"

काय बोलणार! शिकवलेलं होतं.

चला, इथेच थांबतो. तुमच्या घरात, शेतात, गॅरेजमध्ये हा तक्ता कुठे सापडला ते व्हॉइस मेसेजने कळवा. आणि आज केबल नक्की बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.